साथीच्या घाईत माहिती सांडते : या चुका टाळा

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट येऊन पडला. नाव, वय, मोबाईल नंबर, सगळं उघडं. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. काका पंधरा दिवसांत बरे झाले, पण कामाच्या मावशी पुढचे दोन महिने त्यांच्या दाराशी फिरकल्या नाहीत. "बी विंगमध्ये एक पेशंट आहे, लिफ्ट पुसून घेतलीय" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. 'डिलीट फॉर एव्हरीवन' वर विसंबू नका. ज्याच्या फोनमध्ये फाइल उतरली, तिथे ती राहू शकते.

लसीचं सर्टिफिकेट स्टेटसला लावणं हीसुद्धा तीच चूक. त्यावर नाव, वय आणि आधार दिलं असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे असतात.

आणि आधारच कशाला दिलं? लसनोंदणीच्या कोविन पोर्टलला पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र असे इतर पर्याय चालत होते, पण केंद्रावर "आधार काढा" म्हटलं की आपण निमूट काढतो. आधार दिलेल्या अनेकांचा हेल्थ आयडी, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक, परस्पर तयार झाला. जुनं सर्टिफिकेट उघडून बघा : 'यूएचआयडी' समोर १४ आकडे दिसले, तर तुमचाही झालाय. त्यालाच आता आभा म्हणतात. तो ऐच्छिक आहे, नको असेल तर आभाच्या पोर्टलवर लॉगिन करून बंद करता येतो.

आरोग्य सेतूसारखं साथीचं अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे खातं गेलं, असं नाही. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन खातं डिलीट करा, मग अ‍ॅप काढा.

सगळ्यात महागात पडते ती 'सक्तीच आहे' असं धरून चालण्याची सवय. १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशाने नोकरदारांना आरोग्य सेतू सक्तीचं केलं. १७ मेच्या आदेशात ती सक्ती सैल झाली. गेटवरच्या वॉचमनपर्यंत मात्र पहिलाच आदेश पोचला होता. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधला. त्यात सरकारला अधिकार भरपूर आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाहीत. तेव्हा भांडू नका, फक्त विचारा : "आदेश कुठल्या तारखेचा? जरा दाखवता का?"

लसीच्या बूस्टर डोसच्या नावाने फोनवर ओटीपी मागणारे भामटे होते, पुढच्या साथीतही येतील. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.