विंडोज ११ घ्यायचं की १०वरच थांबायचं? घरच्या पीसीची आधी करायची तपासणी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट संपवला. त्या दिवशी कुणाचा पीसी बंद पडला नाही, म्हणून बऱ्याच घरांत निर्णय तसाच लोंबकळत राहिला. थांबलंय एवढंच की नव्यानं सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारे अपडेट आता आपोआप येत नाहीत. नेट बँकिंग, रिटर्न भरणं, ईमेल ही कामं त्या पीसीवर होत असतील तर काहीतरी ठरवायलाच हवं. नेट न जोडता फक्त टायपिंग आणि गाणी चालत असतील तर घाईचं कारण नाही.

घाई टाळण्याची एक अधिकृत सोयही आहे. घरगुती वापरासाठीचे जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला की पैसे पडत नाहीत. जोडायचा नसेल तर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट उघडलं की एनरोलची लिंक तिथंच दिसते. हे केल्यानं दोष बुजतात, नवीन काही मिळत नाही. पण नीट विचार करायला वेळ मिळतो, आणि तो घ्यावा.

आता तपासणी. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करा, आवृत्ती कळेल. मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं प्रोसेसर, रॅम आणि ३२ बिट की ६४ बिट ते पाहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. कागदावरची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्कची आहे, पण ४ जीबीवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की पीसी रांगायला लागतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) ही खरी किमान अट समजा. अजून फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर आधी एसएसडी बसवा, विंडोज ११चं नंतर बघू.

इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आय५-८४०० चालतो, आय५-७४०० नाही. डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी, आणि पाच आकडे असतील तर पहिले दोन. एएमडीत मात्र नावावर जाऊ नका. रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, पण २२००जी आणि २४००जी नाहीत, कारण नंबर दोन हजारांतला असला तरी आतली रचना आधीच्या पिढीची आहे. एच६१ बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा आय३ किंवा आय५ असलेले जुने सेट अजून खूप घरांत आहेत. ते या यादीत बसत नाहीत. एकेक बघत बसायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप सगळं एकदम सांगतं.

प्रोसेसर बसतो पण टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असं आलं, तर बहुतेक वेळा तो असतो, फक्त बंद असतो. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. इंटेल बोर्डावर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाचा पर्याय शोधून चालू करा. त्याआधी डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बायोसमधला बदल ओळखून विंडोज ती मागतं, आणि की नसेल तर डिस्कवरचं काही परत मिळत नाही.

खरी अडचण येते पार्टिशनमध्ये. दुकानातून असेंबल करून घेतलेल्या जुन्या पीसीत ठरलेली मांडणी असते: सी विंडोजला, डी आणि ई घरच्या फायलींना, आणि डिस्क एमबीआर पद्धतीची. एमबीआर ही पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. विंडोज ११च्या अटींतल्या सिक्युअर बूटसाठी (पीसी सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) डिस्क जीपीटी लागते. डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क ०वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. पार्टिशन स्टाइलसमोर काय लिहिलंय ते बघा. एमबीआर असेल तर विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा आहे. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर तिच्यापुढे स्लॅश व्हॅलिडेट आणि स्लॅश अलाऊफुलओएस जोडून (mbr2gpt /validate /allowFullOS) चालवली की रूपांतर जमेल का ते कळतं, डिस्कला धक्का लागत नाही. व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहिलं की प्रत्यक्ष रूपांतर होतं.

पण डी आणि ई हिरव्या चौकटीत दिसत असतील तर ती एक्स्टेंडेड पार्टिशनमधली लॉजिकल ड्राइव्ह आहेत, आणि अशी डिस्क ही आज्ञा घेतच नाही. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली तरी तेच. मग डी-ईमधलं सगळं बाहेर काढून ती पार्टिशन उडवायची, की नवी एसएसडी घेऊन त्यावर कोरं विंडोज टाकायचं? दुसरा मार्ग बरा. जुनी डिस्क जशीच्या तशी फायलींसाठी राहते आणि पार्टिशनशी झटापट करावी लागत नाही. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल मात्र काढून ठेवा. नाहीतर बूट होण्यापुरत्या फायली कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि पुढं ती डिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज उठत नाही.

रूपांतर केलंत तर लगेच बायोसमध्ये सीएसएम (पीसी सुरू करायची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) निवडा. तोवर विंडोज चालू होणार नाही. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते. घाबरू नका. कार्ड काढून केबल बोर्डाच्या डिस्प्लेला लावा, किंवा वीज काढून बायोसचा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग्ज मूळ जागी येतात.

हार्डवेअर पास झालं तरी गाडं सॉफ्टवेअरवर अडू शकतं. घरूनच डीटीपीची कामं घेणाऱ्यांचं श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आणि डोंगलवालं (लायसन्ससाठी पीसीला लावायचा छोटा तुकडा) असेल, तर त्या डोंगलचा विंडोज ११चा ड्रायव्हर मिळतो का ते आधी विक्रेत्याला विचारा. घरी दूध संस्थेचा किंवा पतसंस्थेचा हिशेब डॉसच्या जमान्यातल्या प्रोग्रॅमवर चालत असेल आणि पीसी ३२ बिटचा असेल तर थांबाच. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या ॲपमध्ये ते चालतात का ते दुसऱ्या पीसीवर बघा, छपाईसकट. प्रिंटर आणि स्कॅनरलाही ६४ बिट ड्रायव्हरच लागतो. युनिकोड मराठीची काळजी नको, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड ११मध्ये आहेत.

आणखी एक गोष्ट उघडपणे बघा: तुमचं विंडोज १० खरं आहे का? कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत एसएलएमजीआर, मग स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) लिहा. कायमचं ॲक्टिव्हेट आहे असं आलं तर ठीक. पुढची एखादी तारीख दाखवली तर दुकानदारानं कार्यालयांसाठीच्या पद्धतीनं जुगाड केलेला असण्याची शक्यता मोठी. खरं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे विंडोज ११ त्यावर जादा पैसे न घेता ॲक्टिव्हेट होतं.

दुकानात नेलंत तर बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं, “फॉरमॅट मारून देतो.” बॅकअप हातात असल्याशिवाय हो म्हणू नका. एक्स्टर्नल डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, वापरातले फॉन्ट आणि ब्राउझरचे पासवर्ड घ्या. कॉपी झाली म्हणून बॅकअप झाला असं नाही. प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-चार फायली त्या डिस्कवरून उघडून बघा. कोरं विंडोज टाकणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. ती डिस्क पीसीच्या टेबलाखाली ठेवू नका, विशेषतः पंचगंगेच्या पूररेषेत राहत असाल तर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की सामान हलवताना छोटी डिस्क हमखास विसरते.

प्रत्यक्ष अपग्रेडला सकाळी बसा. एप्रिल-मेत दुपारनंतर वळीव आला की लाइट जाते, आणि साधा यूपीएस काही मिनिटंच टिकतो. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस काढा, माउस-कीबोर्ड सोडून सगळं यूएसबी उपटा. डाउनलोड काही जीबींचं आहे, मोबाइलच्या रोजच्या डेटावर ते पुरं होणार नाही. मग विंडोज ११ इन्स्टॉलेशन असिस्टंट चालवा. एसएसडीवर तास-दीड तास लागतो, हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जातो. मध्ये पीसी अनेकदा रिस्टार्ट होतो. टक्का एका जागी अडकला तरी बटण दाबून बंद करू नका. ०एक्ससी१९००१०१नं सुरू होणारी एरर आली तर दोष ड्रायव्हरचा असतो: डिस्प्ले आणि नेटवर्कचे ड्रायव्हर अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा.

झाल्यावर पहिल्या दिवशीच प्रिंट काढा, स्कॅन करा, टॅली उघडा, डोंगल लावा. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत गेलाय का तेही बघा. तिथली फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की सतत सूचना येतात. काही अडलं तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये गो बॅक आहे, पण फक्त १० दिवस. तेवढ्या काळात डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजच्या फायली उडवल्यात तर ती वाट तिथंच बंद होते.

यादीत न बसणाऱ्या पीसीवर अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण त्या नादाला लागू नका. दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यावर आपोआप येत नाही आणि दर वेळी तीच कसरत करावी लागते. त्यापेक्षा ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा अपडेट घ्या, आणि मधल्या काळात विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली ८ जीबी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल न करताही ते चालतं. मिंटची २२ ही आवृत्ती एप्रिल २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे. ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठी त्यावर व्यवस्थित चालतं. प्रिंटर लागतो का ते पेन ड्राइव्हवरून चालवतानाच बघून घ्या. श्रीलिपी आणि टॅली मात्र तिथं थेट चालत नाहीत, त्यांच्यासाठी जुनं विंडोज १० नेट काढून वेगळं ठेवावं लागेल.