इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

आयटीआय, डिप्लोमा नाहीतर डिग्री झाली की आपल्याकडची पोरं उद्यमबाग, मच्छे, होनगा, तिकडं शिनोळी नाहीतर कागल एमआयडीसी असं बायोडाटा टाकत फिरतात, आणि कॉल आला की आदल्या रात्री मोबाईलवर बघून 'स्वतःबद्दल सांगा'चं इंग्लिश उत्तर पाठ करतात. समोरच्याला ते लगेच कळतं, कारण सकाळपासून आलेल्या सगळ्यांनी तेच म्हटलेलं असतं, हार्ड वर्कर, क्विक लर्नर, टीम प्लेयर. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पोरांना काम येतं पण केलेलं काम सांगता येत नाही, आणि ते सांगायचं आठवडाभरात शिकता येतं.

पहिलं, एक वही घ्या आणि आतापर्यंत हातानं काय काय केलंय ते सगळं लिहून काढा. कुठलं मशीन, कुठला जॉब (म्हणजे मशीनवर चढवलेला पार्ट), मटेरियल काय, काय बिघडायचं, तेव्हा तुम्ही काय करायचा. नुसतं 'मला सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) येतं' म्हणून भागत नाही. त्यापेक्षा असं सांगा, 'मी टर्निंगला होतो, कास्ट आयर्नचे जॉब यायचे, ऑफसेट मीच घ्यायचो, दर पाच जॉबला बोअर गेजनं तपासायचो, टूल घासलं की बोअर कमी यायला लागायचा, मग वेअर ऑफसेट द्यायचो.' (बोअर म्हणजे जॉबचं आतलं भोक, ऑफसेट म्हणजे टूलची जागा मशीनला आकड्यात देणं, टूल झिजल्यावर तो आकडा थोडा बदलायचा तो वेअर ऑफसेट.) एवढं ऐकलं की समोरचा सुपरवायझर खुर्चीत पुढं सरकून पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न तुमच्याच कामातला असतो म्हणून उत्तर पण येतं. अनुभव नसेल तरी वही रिकामी राहत नाही, कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, अप्रेंटिसशिप असते, घरच्या दुकानाची बिलं असतात, गल्लीतल्या गणपती मंडळाचा जमाखर्च तुम्ही लिहिला असेल तर अकाउंटच्या जागेसाठी तो चांगला मुद्दा आहे, लाजू नका.

दुसरं म्हणजे बेसिक परत बघून जा. अवघड प्रश्नाला अडलं तर चालतं, सोप्याला अडलं की वाईट दिसतं. नेहमीच्या मेट्रिक व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, सीएनसी प्रोग्रॅममधले जी००, जी०१, एम०३, एम३० हे कोड म्हणजे काय, हे झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे. कॉमर्सवाल्यांना जीएसटी विचारतातच. उद्यमबागेतल्या कंपनीनं हुबळीच्या गिऱ्हाइकाला माल पाठवला तर दोन्ही कर्नाटकातच म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), पण शिनोळीला पाठवला तर अंतर कितीबी कमी असू दे, ते चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात येतं म्हणून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर). असं आपल्याच भागातलं उदाहरण देऊन सांगितलं की पाठ केलेलं वाटत नाही.

आता भाषेचं. याची भीती सगळ्यात जास्त असते आणि ती मला पटत नाही. वहीतलं काम आधी मराठीत मोठ्यानं बोला, भाऊ-बहीण नाहीतर मैत्रिणीला समोर बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. मराठीत सलग सांगता आलं की मगच इंग्लिशमध्ये, छोटी छोटी वाक्यं करून. कर्नाटकातल्या कंपनीत जात असाल तर कन्नडमध्ये नाव, गाव, शिक्षण एवढं तरी सांगता येऊ दे, 'नन्न हेसरु' म्हणून सुरुवात केली की समोरच्या सरांचा चेहरा बदलतो, आणि पुढं अडलात तर 'सर, हिंदी चालेल का' म्हणून सरळ विचारा की. कंपनीच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर काम चालतं तिथं, तसंही मराठी, कन्नड, हिंदी सगळं मिसळूनच चालतं. उत्तर येत नसेल तर 'हे मी केलेलं नाही सर, पण शिकायची तयारी आहे' म्हणा, फेकू नका, पुढच्याच प्रश्नात सापडतं ते.

कागदपत्रं किमान चार दिवस आधी काढा. आपल्या सीमाभागात नावाची भानगड असतेच, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर एक, आधारवर दुसरं, कुठं आडनाव पुढं, कुठं नुसतं इनिशियल, कन्नडवरनं इंग्लिश करताना स्पेलिंग वेगळं. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, फरक असला तर आधार किंवा बँकेतलं दुरुस्त करायला टाका, आणि एचआरनं विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. बायोडाटावर मार्क्स कार्डाचंच नाव घाला. ओरिजिनल दाखवायचं आणि परत घ्यायचं, झेरॉक्स द्यायची. आणि नोकरीसाठी कोणी डिपॉझिट मागितलं तर तिथनं उठायचं, चांगली कंपनी पैसे मागत नाही.

कपडे नवीनच पाहिजेत असं काही नाही, धुतलेले, इस्त्रीचे, अंगाला बसणारे असले की झालं. पावसाळ्यात खानापूरकडनं येणाऱ्यांनी शर्ट आणि फाईल प्लास्टिकमध्ये घालून आणा, बूट पिशवीत ठेवा आणि बेळगावात उतरल्यावर बदला. पुणे-बेंगळुरूला जायचं असलं तर रात्रीच्या गाडीनं जा पण एवढ्या लवकर पोचेल अशी बघा की स्टेशनवर आंघोळ, दाढी, नाष्टा होईल, उपाशी पोटी आवाज निघत नाही. जवळच्या कंपनीचं गेट आदल्या दिवशी बघून या, गेटवरच्या सिक्युरिटीशी, रिसेप्शनच्या ताईंशी नीट बोला, तिथनंच तुमच्याबद्दलचं मत तयार व्हायला लागतं.

पगाराचा विषय निघाला की 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. तशाच कामाला त्या भागात किती देतात ते दोघा-तिघांना विचारून जा आणि आकडा सांगा. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) किती, हातात किती, हे दोन्ही विचारा. बेसिक आणि डीएच्या १२ टक्के पीएफ तुमच्याकडनं कापला जातो, ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) येत असाल तर अजून ०.७५ टक्के. शिफ्ट, ओव्हरटाईम, कँटीन, बस हे पण विचारा, विशेषतः मुलींनी रात्रीच्या शिफ्टला गाडी घरापर्यंत येते का हे स्पष्ट विचारून घ्यावं, त्यात संकोच करायचं काही कारण नाही.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी वहीत लिहा, काय काय विचारलं, कुठं अडलो. संध्याकाळी एचआरला दोन ओळींचा मेसेज टाका, नाव, कुठल्या जागेसाठी आलो होतो आणि धन्यवाद, बस. त्यांनी सांगितलेली मुदत उलटली तर एक फोन करा, आणि मधल्या काळात दुसरीकडं बायोडाटा टाकायचं थांबवू नका.