कॉन्फरन्स स्पर्धेचं यजमान शहर निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, प्रत्येक कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मार्चच्या सुमारास आपली बाद फेरीची स्पर्धा भरवते. जो जिंकेल त्याला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. लहान कॉन्फरन्समधून बहुतेक वर्षी तेवढा एकच संघ पुढे जातो. म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई तीन-चार दिवसांत, एकाच शहरात पणाला लागते. तरीही शहर निवडायची वेळ आली की तेच ते युक्तिवाद ऐकू येतात आणि त्याच त्या चुका होतात.

नकाशाचा मध्य काढणे

नवशिक्यांचा हा सगळ्यात लाडका उद्योग. सगळ्या कॉलेजांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरासरी काढायची आणि जो बिंदू येईल त्याच्या जवळचं शहर सुचवायचं. बिग टेन या कॉन्फरन्सच्या सध्याच्या १८ कॉलेजांची अशी सरासरी काढा. बिंदू येतो दक्षिण आयोवात, डी मॉइनच्या खाली चाळीसेक मैलांवर, मक्या-सोयाबीनच्या पट्ट्यात. पश्चिम किनाऱ्यावरच्या चार कॉलेजांनी तो तिकडे ओढलेला असतो, पण त्या चौघांना विमानाशिवाय गत्यंतर नाहीच. ज्याला विमानानेच यायचं आहे त्याला तीनशे मैल इकडे की तिकडे, यानं फारसा फरक पडत नाही. थेट विमान आहे की नाही, यानं पडतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर सरासरी काढा, नाहीतर प्रत्येक कॉलेजसमोर दोनच आकडे लिहा: गाडीने लागणारे तास आणि रोजची थेट विमानं.

यजमान संघ नाही, म्हणजे शहर तटस्थ

या समजुतीनं जितका गोंधळ घातलाय तितका दुसऱ्या कशानं नाही.

माउंटन वेस्ट या कॉन्फरन्सचं उदाहरण घ्या. स्पर्धा लास वेगासच्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये व्हायची आणि ते यूएनएलव्हीचं, म्हणजे वेगासमधल्याच नेवाडा विद्यापीठाचं, घरचं मैदान. साहजिकच बाकीच्यांची कुरकुर. मग २००४ ते २००६ अशी तीन वर्षं स्पर्धा डेन्व्हरला नेली. कागदावर निवड झकास होती. डेन्व्हरचं एकही कॉलेज या कॉन्फरन्समध्ये नव्हतं. कोलोरॅडो स्टेट, एअर फोर्स आणि वायोमिंग हे तिघे गाडीने दोन-अडीच तासांच्या आत. शहर मोठं, विमानतळ मोठा. पण प्रेक्षक आलेच नाहीत. ज्या तिघांना शहर जवळ होतं त्यांच्यापैकी एकानंही तिथे विजेतेपद मिळवलं नाही. यूटा, न्यू मेक्सिको आणि सॅन डिएगो स्टेट जिंकले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. २००७ मध्ये स्पर्धा परत वेगासला आली आणि यूएनएलव्हीनं ती लागोपाठ दोनदा जिंकली. ओरडणाऱ्यांना वाटलं, आता हे दरवर्षीचंच झालं. पण त्यानंतर २०२५ पर्यंत यूएनएलव्हीला त्याच मैदानावर एकदाही ही स्पर्धा जिंकता आलेली नाही. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं न्यू मेक्सिको जिंकलं.

याचं कारण समजून घ्यायचं तर तिकिटांचा प्रवास बघायला हवा. मोठ्या अरीनात प्रत्येक कॉलेजला सगळ्या सत्रांच्या तिकिटांचा कोटा मिळतो. गुरुवारी एखादा संघ हरला की त्याच्या पाठीराख्यांच्या हातात शुक्रवार-शनिवारची तिकिटं उरतात आणि ती त्याच रात्री विकायला निघतात. घेणार कोण? जो संघ जिंकला आहे आणि ज्याचे लोक दुसऱ्या दिवशी पोचू शकतात तो. म्हणजे पहिल्या दिवशी प्रेक्षक खरोखर मिसळीसारखे असले तरी अंतिम सामन्यापर्यंत अर्धी अरीना एका रंगाची होऊन जाते. म्हणून तटस्थपणा मोजायचा तो शेवटच्या दिवशी. पहिल्या दिवसाचा फोटो दाखवून कुणी तटस्थपणा सिद्ध करत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये तर हे ढळढळीत दिसतं. कॅन्सस सिटीच्या अरीनापासून कॅन्सस विद्यापीठाचं गाव लॉरेन्स जेमतेम ४० मैल. सगळे बोट दाखवतात ते त्यांच्याकडे. पण आयोवा स्टेटचे लोक त्यांच्या गावाहून, एम्सहून, आय-३५ महामार्गाने साडेतीन तास गाडी हाकत येतात आणि इतक्या संख्येनं येतात की अरीनाला त्यांच्या घरच्या हिल्टन कोलिझियमवरून ‘हिल्टन साउथ’ असं नाव पडलं. स्पर्धा २०१० पासून सलग तिथेच आहे. २०२५ पर्यंतचा हिशोब असा: कॅन्सस सहा वेळा, आयोवा स्टेट पाच वेळा. उलट बाजू बघायची तर व्हँडरबिल्ट नॅशव्हिलमध्येच आहे आणि ते ज्या कॉन्फरन्समध्ये आहे त्या एसईसीची स्पर्धाही आता तिथे मुक्काम ठोकून आहे. व्हँडरबिल्टची दोन विजेतेपदं मात्र १९५१ ला लुइव्हिलमध्ये आणि २०१२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये आलेली. नॅशव्हिलमध्ये निळा रंग दिसतो तो केंटकीचा.

माझा ठोकताळा साधा आहे. गाडीने तीन ते साडेतीन तास ही रेघ. त्याच्या आत राहणारा माणूस रात्री सामना संपवून घरी जाऊ शकतो किंवा सकाळी उठून येऊ शकतो. रेघेच्या पलीकडे हॉटेलचा प्रश्न येतो. या रेघेच्या आत किती कॉलेजं आहेत ते मोजा. एकच असेल तर शहर सोडून द्या. चार-पाच असतील तर ती एकमेकांना काटतात. एकही नसेल तर वेगाससारखं शहर हवं, जिथे दीड लाखाच्या आसपास हॉटेलच्या खोल्या आहेत आणि लोक बास्केटबॉल नसलं तरी जातात. सेंट लुइसमध्ये मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सची स्पर्धा १९९१ पासून टिकली ती उगाच नाही: गावात सदस्य कॉलेज नाही, आणि इलिनॉय स्टेट, ब्रॅडली, सदर्न इलिनॉय असे अनेक जण रेघेच्या आत.

एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचा एक नियम इथे उसना घेण्यासारखा आहे: हंगामात ज्या अरीनात संघ तीनपेक्षा जास्त सामने खेळला (कॉन्फरन्स स्पर्धा सोडून), तिथे त्याला खेळवायचं नाही. पण नियमाच्या भरवशावर झोपू नका. २००९ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हानं फिलाडेल्फियाच्या मोठ्या अरीनात बरोब्बर तीन सामने खेळलेले होते. नियमाप्रमाणे ते पाहुणे. प्रेक्षकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. व्हिलानोव्हा तिथले दोन्ही सामने जिंकून पुढे गेलं.

पाळी लावली की झाला न्याय

ऐकायला छान वाटतं. दरवर्षी वेगळं कॉलेज यजमान, आठ वर्षांत सगळ्यांची पाळी, कुणाची तक्रार नको.

आयव्ही लीग या आठ कॉलेजांच्या कॉन्फरन्सनं २०१७ मध्ये स्पर्धा सुरू केली. फक्त पहिले चार संघ खेळतात. पहिली दोन वर्षं ती पेनच्या (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या) पॅलेस्ट्रा या मैदानावर झाली, नंतर येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन अशी फिरत गेली. पुरुषांच्या स्पर्धेत २०२५ पर्यंत यजमान संघ स्वतः पात्र ठरला तो चारच वेळा. काय झालं? २०१८ ला पेन जिंकलं, २०१९ ला येल, २०२३ ला प्रिन्स्टन. तिन्ही वेळा यजमानाला दुसरं मानांकन होतं आणि अंतिम सामन्यात त्यानं पहिल्या मानांकनाला आपल्याच मैदानावर हरवलं. चौथी वेळ पहिल्याच वर्षाची. लीगमध्ये १४-० (विजय-पराभव) राहिलेल्या प्रिन्स्टनला ६-८ वाल्या पेननं ओव्हरटाइमपर्यंत फरफटत नेलं. प्रिन्स्टन ७२-६४ नं सुटलं, पण थोडक्यात.

चार उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये हे मान्य. पण यंत्रणा स्पष्ट आहे. कॅम्पसवरचं मैदान लहान असतं, विद्यार्थी चालत येतात, पाहुण्यांचा कोटा शेकड्यांत, आणि अठरा हजारांच्या अरीनात जशी तिकिटं हात बदलतात तशी इथे बदलायला मुळात नसतातच. पाळीमुळे दहा वर्षांचा हिशोब बरोबर जुळतो, पण त्या वर्षीच्या पहिल्या मानांकनाला त्याचा काय उपयोग? त्याचा चौथ्या वर्षाचा खेळाडू पुढच्या पाळीला नसतो. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सनं २००८ मध्ये सॅन डिएगोला त्यांच्याच कॅम्पसवर गोन्झागाला अंतिम फेरीत हरवताना पाहिलं. पुढच्या वर्षीपासून स्पर्धा वेगासच्या ऑर्लीन्स अरीनात गेली, जिथे कुणाचंच घर नव्हतं.

कॅम्पसवरच खेळवायचं असेल तर पेट्रियट लीगसारखं करा: प्रत्येक सामना वरच्या मानांकनाच्या घरी. घरच्या मैदानाचा फायदा मिळतोच आहे, तर तो ज्यानं हंगामात कमावला त्याला मिळू दे. हंगामाआधी शहर जाहीर करता येत नाही, हॉटेलं अडवून ठेवता येत नाहीत, टीव्हीवाले कपाळाला हात लावतात. तरी आठ-दहा संघांच्या कॉन्फरन्ससाठी मला हाच मार्ग सगळ्यात सरळ वाटतो.

नामांकित अरीनासाठी तारखा वाकवणे

बिग टेननं २०१८ ला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन धरलं. तिथला नेहमीचा आठवडा बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सचा, ते १९८३ पासून तिथे आहेत. मग बिग टेनची स्पर्धा आठवडाभर आधी, ४ मार्चला संपवली. त्यासाठी कॉन्फरन्सचे काही सामने डिसेंबरच्या सुरुवातीला कोंबावे लागले आणि विजेत्या मिशिगनला पुढच्या सामन्यासाठी ११ दिवस थांबावं लागलं. मिशिगन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेलं म्हणून कुणी फार बोललं नाही. शहर नंतर, तारखा आधी.

पर्यायी अरीना न ठरवणे

१४ मार्च २००८, अटलांटाचं जॉर्जिया डोम. एसईसी स्पर्धेत अलाबामा आणि मिसिसिपी स्टेटचा सामना ओव्हरटाइममध्ये असताना टॉर्नेडो (जमिनीवरून फिरणारी प्रचंड वावटळ) इमारतीला घासून गेला. उरलेली स्पर्धा जॉर्जिया टेकच्या मैदानावर हलवली. टेक एसईसीत नाही, त्यामुळे कुणाला घर मिळालं नाही, एवढं बरं झालं. पण मैदान लहान, त्यामुळे तिकीटधारक चाहते जवळजवळ सगळेच बाहेर राहिले. एसईसीतल्या जॉर्जिया विद्यापीठाला शनिवारी एकाच दिवशी दोन सामने खेळावे लागले. दोन्ही जिंकून रविवारी तेच विजेतेही ठरले, हा भाग वेगळा. करारातच दुसऱ्या अरीनाचं नाव लिहून घ्या, आणि ती कॉन्फरन्समधल्या कुठल्याही कॉलेजची नको.

बाकीच्या लहानसहान

यजमान गावातल्या संघाला त्याची नेहमीची लॉकर रूम देऊ नका. बास्केटवरच्या सरावाला सगळ्यांना सारखीच मिनिटं द्या.

पश्चिम किनाऱ्याच्या संघाला इंडियानापोलिसमध्ये दुपारी बाराचा सामना म्हणजे त्याच्या शरीराला सकाळचे नऊ. सत्रं लावतानाच हे बघा, नंतर दिलगिरी व्यक्त करून काही होत नाही.

संघांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायला लावा. मार्च २०१७ मध्ये बिग टेनच्या स्पर्धेला निघालेल्या मिशिगनचं विमान सोसाट्याच्या वाऱ्यात उड्डाण रद्द करताना धावपट्टीवरून घसरलं. संघ दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशिंग्टनला पोचला आणि सामानाअभावी सरावाच्या जर्सीत खेळला. ते जिंकले, अख्खी स्पर्धाच जिंकले, म्हणून वेळापत्रक बरोबर होतं असं होत नाही.

तिकिटांच्या कोट्यातलं न विकलेलं परत करायची मुदत सगळ्या कॉलेजांना एकच ठेवा आणि परत आलेली तिकिटं त्या गावच्या खिडकीवर टाकू नका. आधी उरलेल्या कॉलेजांना समान वाटा, मग खिडकी.