घरी केस सरळ करताय? या चुका टाळा

डोंबिवलीत माझं छोटं पार्लर आहे, १६ वर्षं झाली. आठवडाभर सकाळच्या लोकलने जाणाऱ्या मुली शनिवारी माझ्याकडे येतात, खुर्चीत बसतात आणि केस पुढे घेऊन विचारतात, "ताई, हल्ली फाटे फार फुटतायत, शाम्पू बदलू का?" बट हातात घेतली की लगेच कळतं, शाम्पूचा यात काही दोष नाही. मुळाशी दोन-तीन इंच केस छान मऊ असतात आणि कानाखाली सगळा काथ्या. मग मी दोनच प्रश्न विचारते. केस सरळ करायचं मशीन कितीवर ठेवतेस? आणि केस धुतल्यावर किती वेळाने फिरवतेस?

पहिल्याचं उत्तर बहुतेकदा "फुल्लवर" असतं. दुसऱ्याचं, "धुतले की लगेच, वेळच नसतो ना."

ओलसर केसांवर मशीन

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. सहाला डोक्यावरून पाणी, साडेसहाला मशीन, सातची गाडी. टॉवेलने पुसले, पाच मिनिटं पंख्याखाली बसलं, वरून हात फिरवला, वाळलेत असं वाटलं. वरचा थर वाळलेला असतोही. मानेवरचे आणि कानामागचे केस मात्र ओलेच असतात, कारण तिथे वारा लागत नाही.

ओल केसांच्या वर नुसती चिकटलेली नसते, प्रत्येक केसाच्या आत मुरलेली असते. त्यावर १८० अंशांची पट्टी दाबली की आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, मग ती केस आतून फुगवते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा केसात चक्क बुडबुडे दिसतात, त्वचेचे डॉक्टर त्याला 'बबल हेअर' म्हणतात. तिथे केस पोकळ होतो आणि कंगवा लागला की मोडतो. शिवाय केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, ते कोरडं असताना साधारण २०० अंशांच्या पुढे बिघडायला लागतं. ओलं असताना तेच १५०च्या आसपास, कधी त्याच्याही आधी. म्हणजे जो आकडा कोरड्या केसाला चालतो, तोच ओल्या केसाला जाळतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलीचा साखरपुडा होता. कमरेपर्यंत दाट, लाटांचे केस. मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, रात्री धुऊन ठेव, सकाळी मी येते. रात्री पाहुणे आले, धुणं राहिलं. सकाळी आठला तिने केस धुतले, ड्रायर वरवर फिरवला आणि मी यायच्या आधी थोडं उरकून ठेवावं म्हणून नवं आणलेलं मशीन २३० वर लावून स्वतःच सुरुवात केली. पहिल्या बटेला चर्र आवाज आला, वाफ निघाली. तिला वाटलं, स्प्रे मारलाय त्याचीच वाफ. केस सरळ होईनात, म्हणून तीच बट सात-आठ वेळा ओढली. मग दुसरी बाजू.

दहाला मी पोचले तेव्हा ती आरशासमोर गप्प बसली होती. पुढच्या दोन्ही बटांवर बारीक पांढरे ठिपके. बोटांच्या चिमटीतून बट खाली ओढली तर तांदळाच्या कण्या हाताला लागाव्यात तसं लागलं. जाड दातांचा कंगवा अगदी हलक्या हाताने लावला आणि बोटभर केस कानाच्या उंचीला तुटून कंगव्यात आले. तिची आई मागे उभी होती. म्हणाली, "अहो ताई, काहीतरी स्पा वगैरे करा ना, परत येतील ना हे?" मला नाही म्हणावं लागलं. केस ही मेलेली पेशी आहे, जखम भरून येते तसा तो भरून येत नाही. त्या दिवशी आंबाडा घातला, पुढच्या तुटक्या बटा मागे वळवून पिनांनी बसवल्या आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा घट्ट माळला. फोटो चांगले आले. दुसऱ्या सोमवारी सगळे केस खांद्यापर्यंत कापावे लागले, आणि कापताना आम्ही दोघी रडलो.

त्यामुळे माझी सवय सांगते. पावसाळ्यात कपडे वाळलेत का हे आपण गालाला लावून बघतो. केसांचंही तसंच करा. मानेवरची सगळ्यात आतली बट घ्या आणि वरच्या ओठाला किंवा गालाला लावा. गार लागली तर ओल आहे, मग हाताला कितीही कोरडी वाटो. थांबा. दाट केसांना पंख्याखाली दोन-तीन तास सहज लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून धुणं रात्री, मशीन सकाळी. फिरवताना चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर त्याच क्षणी मशीन खाली ठेवा, "एवढी एक बट होऊ दे" म्हणू नका. आणि ओल्या केसांवर चालतं म्हणून विकतात ती भोकांची मशीनं मी माझ्या भाचीलाही घेऊ दिली नाहीत.

आकडा

रेशमी साडीला कुणी सुतीच्या आकड्यावर इस्त्री फिरवत नाही. केसांना मात्र सगळ्याजणी सरसकट २३० लावतात, कारण मशीनवर तो आकडा आहे आणि लवकर उरकतं. मशीनवर आहे म्हणजे तुमच्यासाठी आहे असं नाही.

माझ्या हातचे आकडे असे. पातळ, रंगवलेल्या किंवा आधीच राठ झालेल्या केसांना १५० ते १६०. मध्यम केसांना १७० ते १८०. खूप जाड आणि कुरळ्या केसांना १९०. २०० च्या वर मी पार्लरमध्येही जात नाही, घरी तर प्रश्नच नाही. सुरुवात नेहमी खालच्या आकड्यापासून करा, मानेवरची एक बट करून बघा, नाही बसली तर १० अंश वाढवा. ज्या मशीनवर आकडाच नाही, नुसता लाल दिवा लागतो आणि विझतो, ते मशीन आत २०० वर आहे की २२० वर हे कळायला मार्ग नाही. ४०० रुपये वाचवायला असं मशीन घेऊ नका. त्या पैशांत केस परत येत नाहीत.

आता याची दुसरी बाजू. काहीजणी घाबरून १३० वर ठेवतात आणि तीच बट दहा वेळा ओढतात. ते काही सौम्य नसतं. दहा वेळा तापवणं आणि दहा वेळा पट्ट्यांमध्ये घासणं, यात केसांवरचे खवले उचकटतात आणि चमक जाते. योग्य आकड्यावर एकदा, फार तर दोनदा. एका ओढीत बसत नसेल तर तीन कारणं असतात, आणि ती मी याच क्रमाने तपासते: बट जाड घेतलीय का, गुंता नीट काढलेला नाही का, हात फार भरभर चाललाय का. आकडा वाढवायचा विचार त्यानंतर.

बट पट्टीच्या रुंदीहून कमी आणि इतकी पातळ हवी की पलीकडचा हात अंधूक दिसला पाहिजे. घाईत लोक जाड जुडगाच घेतात. मग बाहेरचे केस भाजतात आणि आतले तसेच राहतात. मी केसांचे चार भाग पाडते, तीन चिमट्यांनी वर बांधते आणि मानेपासून सुरू करते. डाव्या हातात बारीक दातांचा कंगवा, उजव्या हातात मशीन. कंगवा पुढे, मशीन त्याच्या बोटभर मागे, दोन्ही एकाच चालीने खाली. मध्ये कुठेही थांबायचं नाही. थांबलं की तिथे आडवी वळ पडते, आणि ती वळ काढायला पुन्हा मशीन लावावं लागतं. खांद्याच्या खाली येणाऱ्या केसाला मुळापासून टोकापर्यंत सात-आठ सेकंद पुरतात. टोकाशी आलं की पकड सैल करा. टोकं दोन-चार वर्षं जुनी असतात, त्यांच्यात सहन करायची ताकद उरलेली नसते.

अख्ख्या डोक्याला असा पाऊण तास जातो. यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं ते बघून येणाऱ्या मुलींचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. त्या व्हिडिओत आधीचं धुणं, वाळवणं, गुंता काढणं दाखवलेलंच नसतं.

तेल लावून मशीन

"तेल असलं की जळत नाही" हे मी आजवर शेकडो वेळा ऐकलंय. उलट आहे. घाण्याचं खोबरेल साधारण १७५ अंशांना धुरायला लागतं, आणि तुमची पट्टी त्याच्या वर असते. म्हणजे तुम्ही केस तेलात तळताय. खोबरेलाला मी वाईट म्हणत नाही, माझ्या घरी ते डब्याने येतं. ते केसांच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी वाहून जातं, हे आपल्याकडच्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलंय. पण त्याची जागा धुण्याच्या आदल्या रात्री. मशीनच्या आधी लावायचा तो हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस जपायचा फवारा, आणि तोसुद्धा दमट केसांवर लावून पूर्ण वाळू द्यायचा, मशीन हातात घेतल्यावर फवारायचा नाही. आणि तो चिलखत नाही. उष्णता जरा सावकाश पोचवतो, एवढंच. २३० अंशांपासून वाचवणारी कुठलीही बाटली मला माहीत नाही.

चमक देणारं सीरम हवं तर सगळं झाल्यावर, केस गार पडल्यावर, दोन थेंब.

दुपारी पुन्हा एकदा

मशीनने केस सरळ होतात म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं तर ही चूक आपोआप थांबेल. केसात बारीक बारीक जोड असतात, ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि गार होताना ज्या आकारात केस असेल त्या आकारात पुन्हा बसतात. म्हणून केस गार होईपर्यंत कानामागे टाकू नका, रबर लावू नका. आणि म्हणूनच हवेतली ओल ते काम मोडते. जुलैत मुंबई, ठाणे, कोकणात हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. सकाळी सरळ केलेले केस स्टेशनवर पोचेपर्यंत फुगणारच. मशीनची चूक नाही आणि तुमचीही नाही. ऑफिसच्या वॉशरूममध्ये पुन्हा मशीन काढणं ही मात्र चूक आहे, कारण त्या केसांनी आता ओल धरलेली असते, म्हणजे पहिल्या चुकीवर परत आलो. जून ते सप्टेंबर मी माझ्या मुलींना सांगते: वेणी घाला, अर्धे केस बांधा, सरळ केसांचा हट्ट ऑक्टोबरपर्यंत सोडा.

एरवीही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पट्ट्यांवर जुन्या सीरमचा तपकिरी थर साचतो आणि केस त्याला अडकतात. मशीन पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, ओल्या मऊ कापडाने पुसा.

मेंदी लावलेल्या आठवड्यात मशीन नको. मेंदीने केस तसेही कोरडे पडतात.

कपड्यांची इस्त्री. अजून काही घरांत चालते. नका करू.

मुळापासून अर्धा इंच सोडून सुरू करा, टाळू भाजते.

बंद केलेलं मशीन पंधरा-वीस मिनिटं तरी गरम असतं. पलंगावर ठेवून जाऊ नका, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही.

आणि घरच्या घरी द्रावण लावून केस सरळ करायचे केराटिनचे किट. यावर मी कडक आहे. त्यातली अनेक द्रावणं तापली की फॉर्मल्डिहाइडचा धूर सोडतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि बाथरूमचं दार लावून केलं तर तो सगळा धूर तुमच्या छातीत. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या कित्येक बाटल्यांमध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. ते लावल्यानंतर किडनीला इजा झाल्याचे रुग्ण इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी २०२३-२४ मध्ये नोंदवले आहेत. माझ्या पार्लरमध्ये ते ठेवणं मी बंद केलं.

जळलेच असतील तर

आधी खात्री करा. धुतलेल्या केसातला एक केस घ्या, ओला असतानाच दोन टोकांना धरून हलका ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. चिंगमसारखा लांबला आणि परत आलाच नाही, किंवा लगेच तुटला, तर मशीन कपाटात ठेवा आणि तीन महिने काढू नका. कंडिशनर प्रत्येक धुण्याला, गुंता टोकाकडून वर सोडवत, रात्री सैल वेणी. याने केस हाताला बरे लागतील आणि कमी तुटतील. बरे होणार नाहीत.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन महिन्यांत एक इंच. लांबी एकदम घालवायची नसेल तर दर दोन महिन्यांनी एक इंच कापा. लांबी तेवढीच राहते आणि जळका भाग खालून संपत जातो. साखरपुड्याच्या त्या मुलीने तसंच केलं. खांद्यापर्यंत कापल्यानंतर वर्षभर ती दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी आली, मी इंचभर कापायचे आणि ती खाली पडलेल्या केसांकडे बघून विचारायची, "ताई, अजून किती?" सहाव्या खेपेला बट बोटांतून ओढली तेव्हा टोकापर्यंत एकही कणी लागली नाही.