नाताळच्या सुट्टीत गावी जाताय? या चुका टाळा

गणपतीत घर माणसांनी भरलेलं असूनही भांडणं त्यामानाने कमी होतात, कारण जो तो कशात ना कशात गुंतलेला असतो. नाताळच्या सुट्टीत तसं नसतं. मुंबई-पुण्याची दोन-तीन बिऱ्हाडं कोकणातल्या घरी येऊन धडकतात आणि सगळे 'आराम करायला' आलेले असतात. म्हणजे राबायचं कोणी, हे आधीच ठरलेलं असतं.

गावच्या भावालाही सुट्टी आहे असं धरून चालू नका. थंडी पडली की हापूसला मोहोर येतो आणि तुडतुडे या किडीसाठी फवारण्या सुरू होतात. त्याची बाग तेव्हाच त्याला सर्वांत जास्त पळवते. तोच तुम्हाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर सोडणार, मासळी आणणार आणि पंप बंद पडला की विहिरीवरही धावणार? दादा तोंडाने काही बोलत नाही, चार दिवसांनी ते वहिनीच्या भांड्यांच्या आवाजात ऐकू येतं. निघण्याआधीच फोनवर विचारा, "दादा, फवारणी कधी हाय?" त्या दिवशी फिरायला आपली रिक्षा आपण ठरवा.

घावण्यांचा हिशेब करा. तव्यावर एका वेळी एकच घावणा होतो. बारा माणसं, प्रत्येकाला तीन-चार, तेही गरम. सातला तव्यापुढे उभी राहिलेली वहिनी साडेदहाला मोकळी होते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी विचारतं, "परत चहा होतोय का?" त्या दिवशी दुसरा तवा काढा आणि त्यावर पाहुण्यांपैकी कोणीतरी उभं राहा, जावईसुद्धा चालेल. रोज घावणे हवेतच कशाला, पेज आहे की! "काही मदत करू का?" असं विचारूही नका, उत्तर 'नको' असंच येतं. सरळ विळीवर बसून नारळ खवायला घ्या.

मासळीचे पैसे पहिल्याच दिवशी घरात द्या. वर्षअखेरीच्या गर्दीत सुरमईचा भाव चढतो आणि तो एकट्या दादाच्या खिशातून जातो. बांगडा आणलात तरी कोणाचं काही अडत नाही. आणायच्या आधी कॅलेंडर मात्र बघा. काही वर्षी मार्गशीर्षाचे गुरुवार नाताळापर्यंत येतात. 2024 मध्ये 26 डिसेंबरला होता, 2026 मध्ये 24 आणि 31 दोन्ही तारखांना आहेत. काकूचा उपास असताना अंगणात सुरमई साफ करायला बसलात, तर पुढचं तुम्हीच निस्तरा.

जमिनीचा विषय जेवताना काढू नका. 'सगळे जमलेत तर बोलून घेऊ' ही सर्वांत महागात पडणारी चूक. 25 डिसेंबरला तलाठी कार्यालय बंद, कोणाकडे ताजा सातबारा नाही, आणि वाद चालतो तो आजोबा काय म्हणाले होते यावर. बोलायचंच असेल तर डिजिटल सहीचा सातबारा आधी काढा, 15 रुपये लागतात. बैठकीसाठी मे महिन्यातली एखादी तारीख ठरवा. बहिणींनाही बोलवा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि हक्कसोडपत्र नोंदणी करूनच द्यावं लागतं. सुट्टीत बहिणीपुढे सहीचा कागद सरकवणाऱ्या भावाशी ती पुढे बोलली नाही, तर नवल नाही.

ठिणगी पडलीच तर म्हाताऱ्यांना न्याय करायला बसवू नका आणि फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका. दोघांपैकी एकाला नारळ आणायला पाठवा, दुसऱ्याला पोरांसोबत समुद्रावर. तिसऱ्याने पंप चालू करून टाकी भरून ठेवावी, संध्याकाळी अंघोळीच्या पाण्यावरून दुसरं भांडण नको.