सेकंड लाइफमध्ये रेडिओ चालवायचा तर

सेकंड लाइफ म्हणजे इंटरनेटवरचं एक आभासी जग. तिथे रेडिओ सुरू करायचा म्हटलं की नवा माणूस आधी तिथल्या दुकानातून छान लाकडी दिसणारा रेडिओ विकत आणतो. आणा, शोभेला बरा असतो. पण आवाज त्या खोक्यातून येत नाही आणि ते जग चालवणाऱ्या लिंडेन लॅब कंपनीच्या सर्व्हरवरूनही येत नाही. तिथल्या जमिनीच्या प्रत्येक पार्सलला, म्हणजे तुकड्याला, संगीताचा एक पत्ता जोडता येतो. त्या जमिनीवर कुणी आलं की त्याचा व्ह्यूअर, म्हणजे ते जग दाखवणारा त्याच्या संगणकावरचा प्रोग्रॅम, तो पत्ता वाचतो आणि थेट तुमच्या स्ट्रीमिंग सर्व्हरवरून आवाज ओढतो. थोडक्यात, जग त्यांचं, पण रेडिओ सगळा तुमचा. बिलासकट.

मी मिरजेचा. मांडवात लाउडस्पीकर लावण्यात उमर गेली, आता सकाळच्या पारी तिकडच्या मंडळींना जुन्या तबकड्या ऐकवतो. त्यामुळे पुढचं सगळं माइकवाल्याच्या नजरेतून आहे.

आधी सर्व्हर. आवाज श्रोत्यांना वाटणारी दोन सॉफ्टवेअरं आहेत, शाउटकास्ट आणि आइसकास्ट. दोन्हींपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालेल, फक्त भाड्याने घ्या, घरच्या कनेक्शनवर ठेवू नका. इथे प्रत्येक श्रोत्याला वेगळी नळजोडणी द्यावी लागते. १२८ केबीपीएसचा स्ट्रीम (सेकंदाला १२८ किलोबिट आवाजाची धार) चाळीस जणांनी लावला तर अपलोड सतत ५ एमबीपीएसच्या वर जातो, आणि एकेक श्रोता तासाला ५८ एमबीच्या आसपास डेटा खातो. सर्व्हर भाड्याचा असला की घरातून त्याच्यापर्यंत एकच धार जाते, पुढची वाटणी तो करतो. भाडं ठरवताना श्रोत्यांची मर्यादा विचारून घ्या. तुमच्या जागेत एका वेळी जेवढे अवतार, म्हणजे माणसांची तिथली रूपं, मावतात त्याहून थोडी जास्त पुरे. तबकड्या मोनोच असतात, म्हणून मी ६४ केबीपीएस मोनो ठेवतो. अर्धा डेटा वाचतो आणि तबकडीची खरखर जशीच्या तशी ऐकू येते. स्टिरिओ गाणी लावणार असाल तर मात्र १२८ ठेवा.

घरच्या संगणकावर एन्कोडर लागतो, म्हणजे आवाजाचा स्ट्रीम करून सर्व्हरला पाठवणारा प्रोग्रॅम. ‘बट’ फुकट आहे आणि साधा आहे. दोन गाणी एकमेकांत मिसळायची असतील तर ‘मिक्स’, तोही फुकट. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड भरा, फॉरमॅट एमपी३ ठेवा. आवाजाचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज पुढे कुणालाच शिवता येत नाही.

आता जमीन. अबाउट लँड उघडा, साउंडच्या टॅबवर जा, म्युझिक यूआरएलच्या जागी पत्ता टाका. हा पत्ता थेट स्ट्रीमचा हवा, होस्टिंगवाल्याच्या वेब पानाचा नको. आइसकास्ट असेल तर शेवटी माउंटचं, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या स्ट्रीमचं, नावही लागतं. हे बदलायचा अधिकार जमीनमालकाला असतो. जमीन ग्रुपची असेल तर ग्रुपमधली तुमची भूमिका तशी करून घ्या. स्क्रिप्टवाल्या पेटीने (आत छोटा प्रोग्रॅम असलेल्या वस्तूने) पत्ता बदलायचा असेल तर पेटी जमीनमालकाच्याच नावावर हवी, आणि ग्रुपच्या जमिनीवर ती ग्रुपला डीड केलेली, म्हणजे ग्रुपच्या मालकीची करून दिलेली, हवी. पेटीला हात लावला तरी गाणं बदलत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

पार्सलचं संगीत कोपऱ्यात हळू आणि मध्ये मोठं असं होत नाही, सगळीकडे सारखंच. हद्द ओलांडली की मात्र तुटतं. नाचाची फरशी दोन पार्सलांवर पसरली असेल तर दोन्हीकडे तोच पत्ता टाका.

खरी कसरत पुढे आहे. माणसं समोर उभी दिसतात, पण तुमचा आवाज त्यांना उशिरा पोचतो. कधी दहा सेकंद, कधी अर्धं मिनिट, आणि प्रत्येकाला वेगळा. “आता टाळ्या!” म्हणालात तर टाळ्या पुढच्या गाण्यात वाजतील. म्हणून हाक, थट्टा, फर्माईश सगळं चॅटमध्ये करा, आणि माइकवर तेवढंच बोला जे अर्ध्या मिनिटाने शिळं होत नाही. साधं चॅट वीस मीटरपर्यंतच दिसतं हेही ध्यानात असू द्या. लांबच्यांसाठी ग्रुप चॅट आहे. तुमच्या खोलीत सेकंड लाइफचं संगीत बंदच ठेवा, नाहीतर तुमचाच आवाज माइकमधून परत फिरेल.

दोन निवेदकांच्या अदलाबदलीत स्ट्रीम तुटला की श्रोत्यांचा व्ह्यूअर गप्प बसतो आणि बऱ्याच जणांना प्लेचं बटण पुन्हा दाबायचं सुचत नाही. आइसकास्टमध्ये फॉलबॅक माउंट लावा: मुख्य धार थांबली की राखीव गाणी सुरू होतात. राखीव धारेचा फॉरमॅट आणि बिटरेट (केबीपीएसचा आकडा) मुख्य धारेसारखाच ठेवा.

गाण्यांचे हक्क हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. जमीन आभासी असली तरी प्रसारण खरं असतं. हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था अशा: अमेरिकेत ध्वनिमुद्रणासाठी साउंडएक्सचेंज, रचनेसाठी आस्कॅप, बीएमआय; आपल्याकडे पीपीएल आणि आयपीआरएस. अमेरिकी वैधानिक (कायद्याने ठरवून दिलेल्या) परवान्याला अटीही आहेत: तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, आणि त्यातली सलग दोनच. पुढे कुठलं गाणं लागणार हे आधी छापून जाहीर करायचं नाही. क्लबवाल्यांना ही अट पटत नाही, कारण त्यांना यादी भिंतीवर टांगायची असते.

मी तबकड्यांकडे वळलो त्याचं अर्धं कारण हे. १९२३ पूर्वी प्रकाशित ध्वनिमुद्रणं अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून हक्कांतून मोकळी झाली. त्यात गायिका गौहर जानच्या १९०२ च्या तबकड्या येतात, आणि आमच्या मिरजेत राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणंही. गौहर जान गाणं संपताना आपलं नाव इंग्रजीत सांगते, त्यामुळे निवेदकाचं काम तीच करून टाकते. बाकीच्यांची नावं मी एन्कोडरच्या शीर्षकात रोमन लिपीत भरतो, कारण देवनागरीची काही व्ह्यूअरमध्ये प्रश्नचिन्हं होतात. तबकडी तीनेक मिनिटांची, म्हणून पुढची कायम हाताशी तयार ठेवायची.

श्रोते थेट तुमच्या सर्व्हरला जोडले जात असल्याने त्यांचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, येतात. कुठला अवतार कुठल्या गावचा हे त्यावरून शोधत बसू नका. आकडा बघा, लॉग पुसा.

वेळ नेहमी सेकंड लाइफच्या घड्याळात जाहीर करा. ते कॅलिफोर्नियाची वेळ पाळतं. तिथे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, मग तोच कार्यक्रम इथे साडेआठला येतो, मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. घरात कुकरची वेळ तेव्हा बदलून घ्यावी लागते. शिट्टी माइकमध्ये फार स्पष्ट येते.