नामिबियाच्या जागा वहीत कशा मांडाव्यात

रत्नागिरी-कणकवलीच्या अभ्यासिकांत नामिबियाच्या संसदीय निवडणुकीचा निकाल मांडताना पहिली चूक ठरलेली: मुलं मतदारसंघ शोधत बसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एका मताच्या आघाडीनेही खासदार होता येतं. तिकडे नॅशनल असेंब्लीसाठी, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, अख्खा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला.

आधी बाद मतं वजा करा. उरलेल्या वैध मतांना ९६ने भागा, १०४ने नव्हे. वरचे ८ सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि त्यांना सभागृहात मताधिकार नसतो. समजा वैध मतं ९,६०,००० आहेत, तर एका जागेचा भाव १०,०००. ५,३७,००० मतं मिळवणाऱ्या पक्षाला ५३ जागा, बाकी ७,०००. ही बाकी खोडू नका! शिल्लक जागा सर्वांत मोठ्या बाकीपासून उतरत्या क्रमाने वाटायच्या. किमान टक्केवारीची अट नाही, म्हणून किरकोळ पक्षही एखादी जागा पदरात पाडून घेतात.

मग ६४वर रेघ मारा: घटनादुरुस्तीसाठी लागणारं दोन-तृतीयांश. खरी गंमत इथेच. १९९० पासून सत्तेत असलेल्या स्वापो पक्षाला २०१४ मध्ये ७७ जागा, २०१९ मध्ये ६३ (एकच कमी!), २०२४ मध्ये ५१. साधं बहुमत ४९. घटनादुरुस्तीला नॅशनल कौन्सिलमध्येही (वरिष्ठ सभागृह) ४२ पैकी २८ लागतात; ती रेघ बहुतेक जण विसरतात.